अमेरिकेतून आणताना आधी सिमचं बघा

भाचा अमेरिकेतून आयफोन आणतोय, आईसाठी घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. किमतीआधी सिमचं बघा. आयफोन १४ पासून (२०२२) तिथल्या मॉडेलमध्ये सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं डिजिटल सिम. आईंचा फोन बिघडला तर सिम काढून जुन्या फोनात टाकता येणार नाही, आणि वयस्कर माणसाला तीच सोय लागते.

दुसरं, हप्त्यावरचा स्वस्त फोन सहसा तिथल्या मोबाइल कंपनीला लॉक असतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. माझ्या बहिणीने असाच आणला, इथलं सिम चाललंच नाही. फार वाईट वाटलं. भाच्याला सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडायला सांगा. कॅरिअर लॉकपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तरच घ्या.