अनुभव धागा : कुळाचा शोध घेताना आफ्रिकी पूर्वज सापडले तेव्हा

वंशावळींच्या गप्पांत दोघातिघांनी 'आमच्याकडे आफ्रिकी पूर्वज निघाले' असं ओझरतं लिहिलं आणि विषय भलतीकडेच गेला. म्हणून हा वेगळा धागा. स्वतःचं, सासरचं, सुनेच्या माहेरचं, काहीही चालेल. फक्त नावं नकोत, आणि 'आजोबांचे केस कुरळे होते' एवढ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीशी नातं जोडू नका. कागद किंवा डीएनए, काहीतरी हाती असू द्या. सुरुवात मीच करते.

माझा नवरा कॅलिफोर्नियाचा. 'आमचे लोक फ्रेंच,' असं सासूबाई सांगायच्या. 2022 मध्ये अमेरिकेच्या 1950 च्या जनगणनेच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या झाल्या, तेव्हा हौसेनं बघायला घेतलं आणि मागे मागे जात राहिलो. 1930, लॉस एंजेलिस : नवऱ्याच्या पणजोबांच्या नावापुढे वंशाच्या रकान्यात 'डब्ल्यू', म्हणजे गोरे. 1920, न्यू ऑर्लीन्स : तोच माणूस, तीच बायको, तीच पोरं, आणि रकान्यात 'एमयू', म्हणजे मिश्रवंशीय. मधे बदललं होतं ते गाव. न्यू ऑर्लीन्स अमेरिकेच्या दक्षिणेतलं, तिथल्या ट्राममध्ये काळ्यांच्या जागा वेगळ्या, त्या पाट्या 1958 पर्यंत होत्या. पश्चिमेला गोरा म्हणून खपलं की नोकरी, घर, शाळा सगळं मिळायचं. बदल्यात भावंडं तोडावी लागायची, कारण एखादी सावळी बहीण दारात उभी राहिली की संपलं. सासूबाईंनी छापील पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "तरीच ख्रिसमसला बाबांकडचं कुणी कधी यायचं नाही."

व्हाक्वा, मॉरिशस
आमच्या मूळपुरुषाची माहिती मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत सहज मिळाली : गिरमिटिया (करारावर आणलेला मजूर) म्हणून मिळालेला क्रमांक, जहाज, रत्नागिरी जिल्हा. त्यांची बायको मात्र कुठल्याच जहाजावर नाही. ती सापडली लग्नाच्या नोंदीत. तिच्या आईचं नुसतं नाव, आडनाव नाही, जन्म मोझांबिक. इथली गुलामी 1835 ला संपली. त्यानंतर मजूर आणले गेले त्यांत बायका फार कमी, त्यामुळे यात आश्चर्य ते काय? पण काका म्हणाले, हे वंशावळीत घालू नकोस, मुलींची लग्नं व्हायचीत. मी घातलं.

मडगाव
थोडक्यात लिहितो. पणजीच्या पुराभिलेखागारात जुन्या चर्चांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. आमच्या खापरपणजीच्या नोंदीत आई 'अमक्यांची गुलाम', बापाची जागा कोरी. पोर्तुगीज राज्यात 1869 पर्यंत हे कायदेशीर होतं. आडनाव मालकाचं लागलं, तेच आम्ही लावतो. त्या घराशी आमचं येणंजाणं आहे, फेस्ताला जेवायलाही जातो. विचारलेलं नाही. का विचारावं तेही ठरत नाही.

पुणे
माझ्या डीएनएत आफ्रिकी काहीच दिसलं नाही, भावाच्यात दीड टक्का. प्रयोगशाळा चुकली का?

धागाकर्ती
चुकली असेलच असं नाही. सहा पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी तेवढाच येतो, आणि भावंडांत तो सारखा वाटला जात नाही. मात्र एवढ्या लहान आकड्यावर विसंबू नका, आधी कागद शोधा.

ह्यूस्टन
सून आफ्रिकी-अमेरिकी, तिच्या घराण्याचा माग 1870 च्या जनगणनेपाशी अडलाय. त्याआधी कसं जायचं?

धागाकर्ती
1850 आणि 1860 च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं असतं, गुलामाचं सहसा फक्त वय, लिंग, रंग. म्हणून मालकाची मृत्युपत्रं आणि वाटणीपत्रं काढा. कुटुंब न्यू ऑर्लीन्सचं असेल तर नोटरीचे जुने दस्त बघा, विक्रीखतांत नावं मिळतात, किमतीसकट.