पूर आणि दुष्काळामुळे थकलेले पीककर्ज वेगळे कसे मोजावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी कर्नाटकातील निपाणी भागातील एका बँक शाखेत शेतीकर्जाचे काम पाहतो. 2019 आणि 2021 च्या पुरांत दूधगंगा-वेदगंगेचे पाणी उसात कित्येक दिवस उभे राहिले, पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात) गाळ बसून शेंडे कुजले आणि पुढे 2023 चा दुष्काळ आला. अशा खातेदारांना सरसकट कर्जबुडवे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

पिकाचे 33 टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कर्जाची पुनर्रचना करता येते, म्हणजे फेडीची मुदत वाढवता येते, आणि खाते उत्पादकच (थकीत न धरता नियमित) राहते. त्यामुळे पुराचा तोटा त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही, तर वाढीव मुदतीचे हप्ते थकल्यावर अनुत्पादक कर्ज (एनपीए) म्हणून वर येतो. तोवर मूळ कारण विसरले गेलेले असते.

गावनिहाय थकबाकी, शेताचे नदीपासूनचे अंतर आणि पावसाच्या नोंदी यांची सांगड कोणी घातली आहे का? आमच्या नोंदीत खातेदाराचे राहते गाव आहे, शेताचा सर्व्हे नंबर मात्र आरटीसी (कर्नाटकातील सातबारासारख्या) उताऱ्यावरून एकेक करून शोधावा लागतो, आणि नदीकाठी वाफाभर अंतरानेही नुकसान बदलते. पुनर्रचित खाती या तुलनेत कशी धरावीत, हेही कृपया सांगावे.