अझेलिया पिवळी पडतेय, ऱ्होडोडेंड्रॉनने माना टाकल्यात

बाग_एडिसन: न्यू जर्सी. घराच्या दर्शनी भिंतीलगत चार अझेलिया आहेत, डाउनस्पाउटपाशी (छतावरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपपाशी) एक ऱ्होडोडेंड्रॉन; दोन्ही फुलझुडपंच. अझेलियाची नवी पालवी पिवळी पडते, शिरा मात्र हिरव्यागार. उन्हातल्या दोघींच्या पानांवर पांढुरके ठिपकेही आहेत. ऱ्होडोडेंड्रॉनने माती ओली असूनही माना टाकल्यात. अझेलियाचं खत सगळ्यांना घालू का?

माती_आणि_मूळ: खत थांबवा, ही तीन वेगवेगळी दुखणी दिसतात. शिरा हिरव्या ठेवून नवी पानं पिवळी पडली की आधी लोहाची कमतरता धरायची. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी गेली असती. बहुधा मातीत लोह आहे, झाडाला उचलता येत नाहीये. भिंतीच्या सिमेंटमधला चुना झिरपतो, लॉनला मारलेला चुनाही तिथवर येतो, आणि सामू (पीएच; माती जितकी आम्ल तितका तो कमी) चढतो. या झाडांना 4.5 ते 5.5 लागतो.

मल्च (मातीवरचं आच्छादन) बाजूला सारून चार-पाच ठिकाणची 6 इंच खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करून रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत पाठवा. सामू चढलेला निघाला तर गंधक. मध्यम पोताच्या जमिनीत एक अंक उतरवायला 100 चौरस फुटांना साधारण 1 ते 1.5 पौंड, तेही दोन हप्त्यांत. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्यामुळे गुण यायला महिने लागतात. तोवर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं) द्या; ईडीटीए प्रकारचं चढ्या सामूत टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट नकोच, अ‍ॅल्युमिनियम मुळांना बाधतं. आणि कॉफीच्या चोथ्याने सामू उतरतो हा निव्वळ समज आहे.

पानाखाली_बघा: ठिपक्यांचं पान उलटं करा. खाली डांबराच्या शिंतोड्यांसारखे काळे, चकचकीत ठिपके असले तर लेस बग, म्हणजे पानांचा रस शोषणारा बारीक किडा. अंडी पानातच, मधल्या शिरेलगत हिवाळा काढतात आणि मेच्या सुमारास फुटतात. पिल्लं बिनपंखी असतानाच कीटकनाशक साबण किंवा बागेचं तेल मारा, पानांच्या खालून, नीट भिजेल असं. 10 दिवसांनी पुन्हा. भांड्यांचा साबण वापरू नका, पानं भाजतात. दुपारी सावली मिळाली तर हा त्रास कमी होतो.

बाग_एडिसन: काळे ठिपके आहेत! ऱ्होडोडेंड्रॉनचं काय?

माती_आणि_मूळ: बुंध्याशी, मातीला टेकून नखाने साल खरवडा. आत हिरवट-पांढरं असलं तर धीर धरा, लालसर तपकिरी असलं तर फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारा रोग. मग बारीक मुळीची साल चिमटीत सुटून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. अशा झाडाला पाणी वाढवलं की ते आणखी लवकर जातं. बुरशीनाशकाने कुजलेली मुळं परत येत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

बाग_एडिसन: तपकिरीच आहे. काढून तिथेच दुसरं लावू?

माती_आणि_मूळ: तिथे ऱ्होडोडेंड्रॉन किंवा अझेलिया नको, रोग मातीत राहतो. डाउनस्पाउटचं पाणी आधी लांब वळवा. नवं झाड दुसरीकडे, उंचवट्यावर लावा. मुळांचा गोळा जमिनीपेक्षा एक-दोन इंच वर राहू दे आणि गोल फिरलेली मुळं लावण्याआधी सुरीने चिरून मोकळी करा. पाइनच्या सालीचं मल्च 2-3 इंच, बुंध्याला न टेकवता.

पानाखाली_बघा: अझेलिया छाटायच्या असतील तर फुलं गळल्यावर लगेच. उन्हाळा सरताना छाटल्या तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.