भाऊबिजेच्या जेवणासाठी टेबलाच्या मध्यभागी पानाफुलांची मांडणी कशी करावी?

प्रश्न

भाऊबिजेला माझे दोन्ही भाऊ कुटुंबासह दुपारी जेवायला येतात आणि आम्ही दहा जण टेबलावरच दाटीवाटीने बसतो. आजवर टेबलाच्या मध्यभागी मी कापडी फुलांची परडी ठेवत आले. या वर्षी मात्र नंतर कुंडीत खत म्हणून घालता येतील अशाच वस्तू वापराव्यात, असे मनापासून वाटते. सासूबाईंची पितळी परात घरात आहे, तिचाही उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. दसऱ्याला मी परातीत पाणी भरून झेंडूच्या पाकळ्या सोडल्या होत्या, परंतु दुसऱ्या दिवशी त्या तपकिरी पडल्या आणि पाण्याला वास येऊ लागला. आदल्या रात्री तयार करून ठेवता येईल आणि समोर बसलेल्याचे तोंड झाकणार नाही, अशी मांडणी कोणी केली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, सुट्या पाकळ्या पाण्यात लवकर कुजतात. अख्खे फूल देठाकडची बाजू खाली ठेवून सोडले, तर ते बराच वेळ टिकते. तरीही आदल्या रात्रीची तयारी हवी असेल, तर पाण्याऐवजी केळीचा बुंधा वापरावा, असे मी सुचवेन. लक्ष्मीपूजनाला दाराशी लावण्यासाठी केळीचे खुंट बाजारात येतात. त्यातला वीतभर तुकडा उभा चिरून दोन भाग करावेत आणि सपाट बाजू खाली ठेवून ते परातीत मांडावेत. बुंधा मुळातच पाण्याने भरलेला असल्यामुळे, विणकामाच्या सुईने भोके पाडून त्यांत शेवंतीचे देठ खोचले की फुलांना रात्रभर ओलावा मिळत राहतो. झेंडू आपल्याकडे बहुधा देठाशिवाय विकला जातो. तो नव्या खराट्याच्या हिरावर टोचून बसवावा, कारण झेंडू ओलाव्याशिवायही दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो. फुले अगदी जवळजवळ खोचावीत, म्हणजे बुंधा दिसत नाही आणि एकूण उंची वीतभराच्या आतच राहते. फुलवाल्यांकडचा हिरवा स्पंज मात्र कृपया घेऊ नये. तो एक प्रकारचे प्लास्टिकच आहे, त्यामुळे कुंडीतल्या खतात तो कधीच जिरणार नाही.

बुंधा चिरताना जुने कपडे घालावेत. केळीच्या चिकाचा डाग कापडावरून जात नाही, म्हणून टेबलक्लॉथ असल्यास परातीखाली आणखी एक ताट ठेवणे बरे.

प्रतिसाद २

वरील पद्धत उत्तम आहे. त्यात भाताच्या लोंब्यांची भर घालावी, असे मला कोकणातल्या माणसाला अगत्याने सांगावेसे वाटते. आमच्याकडे नवान्नाच्या वेळी लोंब्या, नाचणीची कणसे, कुरडूची फुले आणि आंब्याची पाने एकत्र बांधून दाराला लावतात. आम्ही त्याला ‘नवे बांधणे’ म्हणतो. तीच जुडी लहान आकारात करून केळीच्या सोपटाने बांधावी आणि परातीच्या काठावर आडवी ठेवावी. लोंब्या उभ्या खोचल्या तर वाढणाऱ्याच्या हाताला लागतात आणि दाणे ताटात सांडतात. दाणे पूर्ण वाळण्याआधी लोंब्या कापून सावलीत उलट्या टांगल्या, तर दाणे फारसे गळत नाहीत. कुरडूचे फूल सुकले तरी त्याचा गुलाबी रंग पुष्कळ दिवस राहतो, आणि माझ्या मते या मांडणीला तेच सर्वांत शोभून दिसते.

प्रतिसाद ३

दोन गोष्टी काळजीने सांगते. जेवणाच्या टेबलावर कण्हेर आणि बिट्टी अजिबात नको, कारण या झाडांचे सगळेच भाग विषारी असतात. लाल गुंजाही दिसायला सुंदर असल्या तरी लहान मुले त्या तोंडात घालू शकतात आणि बी चावले गेल्यास ते जिवावर बेतू शकते. निशिगंधाचा वास जेवणाच्या वासावर चढतो, म्हणून तो दाराजवळच ठेवावा. पणत्या लावायच्या असतील, तर वाळलेल्या लोंब्यांपासून त्या पूर्ण वेगळ्या, टेबलाच्या बाहेर असाव्यात. फुले आणल्यावर उलटी धरून हलकेच झटकावीत आणि थोडा वेळ वर्तमानपत्रावर पसरून ठेवावीत, म्हणजे त्यांतले किडे वाटीत पडणार नाहीत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पणत्या खिडकीत ठेवेन आणि मुले लहान असल्याने गुंजांचा विचार सोडून देते. बुंध्याचा दुसरा भाग देवघरासमोरच्या तबकात वापरता येईल, असे सासूबाईंनी सुचवले आहे. कोकणातल्या दादांना एक विचारते: भाऊबिजेपर्यंत कुरडू रानात मिळते का, की नवान्नाच्या वेळीच आणून वाळवून ठेवावी लागते?

प्रतिसाद २

दिवाळीतही बांधांवर कुरडू असते, ताई. मात्र तोवर तिचे बी गळू लागते. आधीच तोडून लोंब्यांबरोबर टांगून ठेवावी.