क्वांटम मध्येच थांबवून लिनिअर अल्जिब्रा करावं का?

नमस्कार मंडळी,

अभियांत्रिकीची पदवी घेऊन बारा वर्षं झाली. आता नोकरी सांभाळून रात्री तासभर भौतिकशास्त्र शिकतोय, निव्वळ हौस म्हणून. एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचा ॲलन ॲडम्स यांचा क्वांटम फिजिक्सचा कोर्स (८.०४, २०१३ सालचा) धरलाय. त्याआधी लाटांचा ८.०३ आणि डिफरन्शियल इक्वेशन्सचा १८.०३ झालेला हवा. मी म्हटलं, हे कॉलेजात झालंय की! तिथेच माती खाल्ली.

लेक्चर ऐकताना सगळं कळतं. वही उघडली की हात थांबतो.

परवाचंच गणित घ्या. बंद खोक्यातला कण, सुरुवातीचं वेव्ह फंक्शन (ज्यावरून कण कुठे सापडेल याची संभाव्यता काढतात ते) पॅराबोलाच्या आकाराचं, दोन्ही भिंतींपाशी शून्य. ते साइनच्या पदांत मोडायचं. इंटिग्रेशन दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. सम क्रमांकाची सगळी पदं शून्य आली आणि पहिल्या पदाची संभाव्यता ०.९९८६! म्हणजे ऊर्जा मोजली तर जवळजवळ दरवेळी सगळ्यात खालचीच मिळणार. मग आकृती काढली. पॅराबोला आणि साइनची पहिली कमान जवळपास एकमेकींवर बसतात. पॅराबोला खोक्याच्या मध्याभोवती दोन्हीकडे सारखा, सम पदं उलटसुलट, म्हणून ती गळतात. हे दोन मिनिटांत आधीच दिसायला हवं होतं. मी दोन रात्री इंटिग्रेशन घासत बसलो.

'फंक्शन म्हणजे व्हेक्टर, आणि हे इंटिग्रल म्हणजे डॉट प्रॉडक्ट' हे वाक्य ऐकून मी मान डोलावतो, पण ते अंगात मुरलेलं नाही. म्हणून एमआयटीचाच गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनिअर अल्जिब्राचा कोर्स (१८.०६) आधी पूर्ण करावा असं वाटतंय. पण तिथे बहुतेक काळ मॅट्रिक्स. फुरिये मालिका, म्हणजे हेच साइन-कोसाइनच्या पदांत मोडणं, मार्कोव्ह मॅट्रिक्सच्या लेक्चरला जोडून येते. तेवढ्यासाठी कित्येक महिने क्वांटम बाजूला ठेवायचं?

की मला खरं अडतंय ते ८.०३ न केल्यामुळे? दोन्ही टोकं बांधलेल्या तारेचे साइन तर हेच.

ज्यांनी हे एकट्याने केलंय त्यांनी सांगावं: तुम्ही थांबलात, की लागेल तसं गणित उचलत गेलात? आणि सोडवलेलं तपासायचं कसं? उत्तरं शेजारी असली की माझी नजर दहाव्या मिनिटाला तिकडे जाते.