गिटारचा सिग्नल बघायला ऑसिलोस्कोप हवाच का?

तारवाला:
इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल स्क्रीनवर बघायचा म्हटलं की कुणीतरी लगेच 'आधी स्कोप घे' म्हणतंच, म्हणजे व्होल्टेजची लाट स्क्रीनवर काढणारा ऑसिलोस्कोप. माझ्या मते पैसे वाया. गिटार कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस घरात असतोच, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. स्वस्तातले डिजिटल स्कोप बहुतेक ८ बिटांचे, म्हणजे उभ्या अक्षावर जेमतेम २५६ पायऱ्या. नोट विरत गेली की शेवटचा भाग त्यात हरवतोच. इंटरफेस २४ बिटांचा. डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल लाटेची टोकं कशी सपाट कापतं ते रेकॉर्डिंग झूम करून बघा.

सोल्डरचा धूर:
सपाट? आउटपुटवर? अहो, डीएस-१ मध्ये लाट कापणाऱ्या डायोडच्या पुढे टोनचं सर्किट आहे. बाहेर येईस्तोवर ती सपाटी वाकडीतिकडी झालेली असते. कापणं बघायचं तर स्कोपचा प्रोब, म्हणजे मोजायचं टोक, डायोडवरच टेकवायला हवा. शिवाय इंटरफेसला डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, दिसत नाही, मग ट्रान्झिस्टरचा बायस (त्याला ठरवून दिलेलं डीसी व्होल्टेज) सरकलाय हे कसं कळणार? आणि व्होल्ट कुठायत तुमच्या ग्राफवर? गेनचा नॉब हलला की सगळं बदललं.

तारवाला:
एक साइन वेव्ह सोडायची, मल्टीमीटरने मोजायची, नॉबला टेप लावायची. झाले व्होल्ट! पेडल दुरुस्त करणाऱ्याला स्कोप लागतो, मान्य. मी वाजवणाऱ्याबद्दल बोलतोय.

मंद्र सप्तक:
आधी गिटार कुठल्या सॉकेटात खुपसलीय ते सांगा. पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या कॉइलचा, रेझोनन्स (जिथे तो सगळ्यात जोरात बोलतो तो उंचवटा) साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि केबल नि पुढचं इनपुट त्याला हलवतात. १० किलोओमच्या लाइन-इनमध्ये लावलीत तर तो उंचवटाच नाहीसा. हाय-झेड, म्हणजे १ मेगाओमच्या आसपासचं इनपुट हवं.

स्पेक्ट्रमवरही, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती ते दाखवणाऱ्या ग्राफवरही, डोळे झाकून विश्वास नको. जाड ई ८२.४ हर्ट्झ, त्यापुढचा एफ ८७.३. ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झला साइझ (एका वेळी किती नमुने तपासायचे) ४०९६ ठेवलीत तर एकेक खाना १०.८ हर्ट्झचा, दोन्ही सूर एकाच ढिगात. ३२७६८ केलीत तर वेगळे होतात, पण ती खिडकी पाऊण सेकंदाची. पिकचा ठोका त्यात पार पसरतो.

सोल्डरचा धूर:
इनपुटचं पटलं. म्हणूनच गिटार थेट बघताना मी प्रोब १०एक्सवर ठेवतो. इनपुट १० मेगाओमचं, पिकअपला पत्ताही लागत नाही.

तारवाला:
आणि सिग्नल दहापट लहान! १०० मिलिव्होल्टची गिटार १० मिलिव्होल्टवर आणून ८ बिटांत बघताय, आणि नावं इंटरफेसला?