आजारी मुलाने शिकार मागितली तर

सस्केहानाकाठ

कालपासून फिरणारा तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डोक्यावर केस नसलेला, नारिंगी जाकिटातला मुलगा, शेजारी मारून पाडलेला मूस (उत्तर अमेरिकेतलं घोड्याएवढं मोठं हरीण) आणि वर मराठीत ओळ: "मरणाऱ्या पोराच्या हाती बंदूक देणारे आईबाप आणि संस्था, सगळेच विकृत." मी शाकाहारी माणूस आहे, बंदूक कधी हातात धरलेली नाही. तरी उत्तर देतोय, कारण असाच एक मुलगा आमच्या शेजारी राहायचा.

मध्य पेन्सिल्व्हेनियात येऊन मला वीस वर्षं झाली. हरणांच्या शिकारीचा मोसम इथे सणासारखा असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी मोसम सुरू व्हायचा म्हणून शाळांना सुट्टी. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो, पण सोमवारची सुट्टी बऱ्याच शाळांनी ठेवली आहे. ज्या घरात आजोबा, बाप, मामा सगळे पहाटे चारला उठून एकत्र रानात जातात, त्या घरातल्या मुलाला हे आधी समजून घ्या.

शेजारच्या त्या मुलाला तेराव्या वर्षी मांडीच्या हाडाचा कॅन्सर निघाला. केमो, ऑपरेशन, परत केमो, मग फुप्फुसात गाठी. काय हवं असं विचारल्यावर डिस्ने नाही, क्रिकेटर नाही, बेसबॉलवाला नाही. मूस. गंभीर आजारी मुलांची इच्छा पुरवणाऱ्या एका संस्थेने मेन राज्यात सगळी सोय केली. तिथे मूसचे परवाने सोडतीने निघतात, लोक वर्षानुवर्षं नाव घालतात. वाटाड्याने एक डॉलर घेतला नाही. पहिले दोन दिवस काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटाड्याने मूसच्या मादीची हाक काढली आणि समोरून नर आला.

परत आल्यावर त्याने ती हाक आमच्या स्वयंपाकघरात काढून दाखवली. कुबडी ओट्याला टेकवली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि असा लांबलचक हंबरडा काढला की आतल्या खोलीतून आई धावत आली. दीड वर्षात पहिल्यांदा तो माझ्याशी आजार सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलला.

फेब्रुवारीत तो गेला. आमच्या फ्रीझरमध्ये पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं एक पाकीट अजून आहे. वर मार्करने त्याच्या अक्षरात मूस, खिमा आणि तारीख. आम्ही खाणार नाही हे त्यालाही माहीत होतं. टाकवत नाही.

त्याच्या आईबापाला विकृत म्हणणाऱ्याने ते शब्द मागे घ्यावेत. एवढंच मागणं आहे.

खारूताई

दादा, वाचताना मीही रडले. त्या आईबापाला कुणी विकृत म्हणू नये, मान्य. पण पुढचं काहीही मान्य नाही.

तुम्ही मुलाचं सगळं सांगितलंत. मूसचं काय? तो हाकेला फसून आला. जोडीदार समजून आला. त्याला कुठे विचारलं होतं कुणी?

माझ्या आईला मोटर न्यूरॉनचा आजार होता. शेवटच्या वर्षी ती म्हणाली, मला वाघ बघायचाय. व्हीलचेअर, सक्शन मशीन, दोन उशा असं सगळं घेऊन आम्ही तिला पुण्याहून ताडोबाला नेलं. मोहर्ली गेटवर जिप्सीवाल्याने आणि मी तिला उचलून मधल्या सीटवर बसवलं आणि ओढणीने बांधलं. दोन फेऱ्या झाल्या, वाघ दिसला नाही. पाणवठ्यावर रानकुत्री दिसली, सात-आठ, एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारी. आईला तेव्हा बोलता येत नव्हतं. तिने माझ्या हातावर बोट घासत ठेवलं, कुत्री निघून जाईपर्यंत. स्वतःचा जीव चाललेला असताना दुसऱ्या जिवाकडे असंही बघता येतं. त्या मुलाला कॅमेरा द्यायला काय हरकत होती?

जागल्या

खारूताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण "जोडीदार समजून आला" हे वाचून राहवलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. तीन एकर हरभरा, दोन एकर तूर. नोव्हेंबरपासून मचाणावर जागल. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर नांगरून टाकतो, रोही (नीलगायी) उभ्या तुरीचे शेंडे खातात. कुंपणाला झटका मशीन लावली, साड्या बांधल्या, फटाके फोडले. माझ्या बापाला रानडुकराने मांडीत मुसंडी मारली, सोळा टाके पडले. तेव्हा कॅमेरा घेऊन कुणी आलं नव्हतं.

आणि वाघाचं तर बोलूच नका. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, तुमची अवनी. १३ माणसं गेली तिच्या इलाक्यात. २ नोव्हेंबर २०१८ ला गोळी घातली तेव्हा शहरात मेणबत्त्या लागल्या. त्या १३ जणांची नावं सांगू शकाल का? मेलेल्यांतले बरेच गुराखी आणि शेतमजूर होते.

खारूताई

जागल्या, इथे विषय आजारी मुलाच्या हौशीसाठी केलेल्या शिकारीचा आहे. पिकाच्या नुकसानीसाठी कायद्यात तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही नरभक्षक जनावराला मारण्याची परवानगी देता येते, ती मुख्य वन्यजीव रक्षक देतो. संरक्षण वेगळं, छंद वेगळा. आणि अवनीला दोन बछडे होते, दहा महिन्यांचे.

जागल्या

बछड्यांचं वय माहीत आहे तुम्हाला. माणसांची नावं नाहीत.

परवानगी कागदावर असते, ताई. अर्ज, पंचनामा, वनरक्षक यायची वाट. तोवर हरभरा संपलेला असतो. परवानगी हातात आली तरी बंदूक कुणाकडे आहे? गावात एक जुनी होती, ती निवडणुकीच्या वेळी जमा केली.

मिल्वॉकीकर

दोघांनी थोडं थांबा. भारतातल्या शिकारीचं चित्र अमेरिकेवर लावू नका. इथे १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे. रायफल आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. वर परवान्यांची फी. पेन्सिल्व्हेनियातले मूळचे एल्क (मोठ्या जातीची हरणं) एकोणिसाव्या शतकात संपले होते. १९१३ पासून यलोस्टोनहून आणून सोडले, कळप वाढला आणि २००१ मध्ये मोजक्या परवान्यांची शिकार पुन्हा सुरू झाली. शिकारी आहेत म्हणून जनावर आहे.

ॲरिझोनात तर सोडतीत लागलेला आपला परवाना एखाद्या संस्थेला देता येतो, म्हणजे तो गंभीर आजारी मुलाला मिळतो. पंधरा-वीस वर्षं वाट पाहिलेली माणसं तो देऊन टाकतात. हे विकृत?

खारूताई

पैसा येतो म्हणून मारणं बरोबर ठरत नाही. झिम्बाब्वेत २०१५ मध्ये सेसिल सिंहाला मारणाऱ्या मिनेसोटाच्या दंतवैद्यानेही पैसे मोजलेच होते. गळ्यात संशोधकांचा रेडिओ पट्टा असलेला सिंह. आधी बाण मारला, मग तासन् तास तो जखमी फिरला.

सस्केहानाकाठ

सेसिल इथे आणू नका. चौदा वर्षांच्या मुलाची तुलना पैसेवाल्या दंतवैद्याशी? मला हे सहन होत नाही. त्या मूसचं सगळं मांस खाल्लं गेलं, तीन घरांना वाटलं.

रात्रपाळी

मी मिनेसोटात मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, सोळा वर्षं. शिकार मला आवडत नाही आणि खारूताईंशी मी बरीचशी सहमत आहे. पण या वादाला इतिहास आहे आणि तो आमच्याच राज्यातून सुरू झाला. १९९६ मध्ये इथल्या एका आजारी मुलाला मेक-अ-विश या इच्छा पुरवणाऱ्या संस्थेने अलास्कात कोडियाक अस्वलाच्या शिकारीला पाठवलं. प्राणीमित्रांनी देशभर गदारोळ केला. त्यानंतर त्या संस्थेने बंदुकीच्या इच्छा घेणं बंद केलं. त्या वादात मला सगळ्यात वाईट याचं वाटलं, की एका आजारी मुलाला देशभरातून शिव्या खाव्या लागल्या. संस्थेला जाब विचारा, कायदा बदला. मुलाला मधे घेऊ नका. तुमचा तो फोटो फिरवणाऱ्यालाही हेच सांगायचंय.

आणि दादा, कॅमेऱ्याच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंच नाहीत.

सस्केहानाकाठ

देतो. मी हाच प्रश्न त्याच्या बापाला विचारला होता. तो म्हणाला, दीड वर्ष सगळे याच्यावर काहीतरी करतायत. सुया, नळ्या, चाकू. याला एकदा स्वतः काहीतरी करायचं होतं, ज्याचा परिणाम खरा असेल. मला ते पूर्ण पटलं असं नाही. पण त्याच्यासमोर कॅमेऱ्याचं नाव पुन्हा काढायची माझी हिंमत झाली नाही.

त्या वादानंतर काय झालं तेही लिहितो. आमच्याच राज्यातल्या एका स्कूल बस चालवणाऱ्या आईच्या मुलालाही मूसच हवा होता. ओळखीपाळखीच्या लोकांनी जमवाजमव करून त्याला कॅनडात, अल्बर्टात नेलं. मुलगा १९९९ मध्ये गेला. मग त्या बाईने अशाच मुलांसाठी 'हंट ऑफ अ लाइफटाइम' सुरू केली. विकृती म्हणतात ती ही नव्हे.

खारूताई

"ज्याचा परिणाम खरा असेल." म्हणजे मरण. स्वतःचं मरण थोपवता येत नाही म्हणून दुसऱ्याला द्यायचं. मला या वाक्याची भीती वाटते, दादा.

पण बापाने ते कशातून म्हटलं, ते कळतं. आईच्या वेळी मीही डॉक्टरांशी अशी काही भांडले आहे की आज आठवलं की लाज वाटते. शिकारीचा विरोध सोडणार नाही. फोटोवरची ती ओळ मात्र मीही पुढे पाठवली होती, दोन ग्रुपवर. आज काढली.

आणि जागल्या, त्या १३ जणांची नावं मी काल रात्री शोधायला बसले. चार सापडली. बाकीच्या ठिकाणी फक्त "शेतमजूर" लिहिलंय. हा मुद्दा तुमचा.

जागल्या

चार तरी सापडली. मी पण आजारी पोराच्या विरोधात नव्हतो, ताई. माझा राग मेणबत्त्यांवर होता. रात्री दोनला मचाणावरून लिहिलं होतं, थंडी होती. आजही जागलच आहे.

डावीकडची_खिडकी

फक्त वाचत होते. विस्कॉन्सिनमध्ये राहते. माझा भाचा पंधरा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर उलटलाय. इथेच वाढला, मित्रांबरोबर शिकारीला जायचा. त्यालाही एका संस्थेने अस्वलासाठी बोलावलंय. बहीण आणि मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीयेत यावरून. तुम्ही कुणी बरोबर-चूक सांगू नका, ते आमच्या घरात रोज चालू आहे. त्याच्या छातीत केमोचं पोर्ट आहे (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी), उजवीकडे. त्याने बंदूक चालवली तर चालेल का, हे कुणाला माहीत आहे?

रात्रपाळी

ताई, हा प्रश्न लोक विसरतात, बरं झालं विचारलात. पोर्ट बहुतेकदा उजव्या कॉलरबोनच्या खाली असतं आणि उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा दस्ता नेमका तिथेच टेकतो. मोठ्या जनावराच्या रायफलचा दणका त्या जागी बसता कामा नये, पोर्ट हलू शकतं. डाव्या खांद्यावरून नेम धरता येतो का ते आधी घरी, रिकाम्या बंदुकीवर बघा. किंवा रायफल पकडणारा स्टँड मागा, त्यात दणका बराचसा स्टँडवर जातो. अशा संस्थांना हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही विचारा.

निघायच्या दोन दिवस आधी रक्त तपासा. प्लेटलेट कमी असतील तर साध्या दणक्यानेही आत रक्त साकळतं. पांढऱ्या पेशी कमी असतील तर जनावर सोलताना त्याला लांब बसवा. ताप १००.४ ला पोचला की शिकार तिथेच सोडायची, सकाळची वाट बघायची नाही. म्हणून तळापासून सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाडीने किती तासांवर आहे, ते संस्थेकडून लिहून घ्या. दोन तासांच्या वर असेल तर दुसरी जागा मागा. आणि त्याच्या डॉक्टरांकडून एक पत्र घेऊन ठेवा, निदान, औषधं, पोर्टची बाजू, फोन नंबर, म्हणजे अनोळखी इमर्जन्सीत पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही. पत्राची एक प्रत बहिणीकडे, एक मेहुण्यांकडे द्या. दोघांपैकी कोण बरोबर जाणार आहे, ते अजून ठरलेलं दिसत नाही.